फार हसलं की रडावं लागतंच का?

प्रिय रेवा,

तुझा प्रश्न तीन पदरी आहे. मराठीत म्हणतात, 'फार हसू नये, मग रडावं लागतं.' तू वाचलेल्या 'द किबॅलियन' या पुस्तकातला लंबक म्हणतो, झोका उजवीकडे जितका जाईल तितकाच डावीकडे येईल. आणि सुखदुःखाचं येणंजाणं तर बुद्धांनीही सांगितलं आहे. मग तिघं एकच सांगतात का, असं तू विचारलंस. नाही, एकच सांगत नाहीत. वरून ही वाक्यं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात, पण प्रत्येकीचा हात धरून चालत गेलीस तर तीन निराळ्या जागी पोचशील.

आधी त्या पुस्तकाचं वय बघ. ते १९०८ साली शिकागोत छापलं गेलं. लेखकाच्या जागी 'तीन दीक्षित' एवढंच आहे, पण ते विल्यम वॉकर ॲटकिन्सन यांनी लिहिलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. हेच ॲटकिन्सन 'योगी रामचरक' या नावानं योगावरची पुस्तकं लिहीत. पुस्तक स्वतःला हर्मीस या प्राचीन इजिप्तच्या पौराणिक ज्ञान्याची शिकवण म्हणवतं, पण हर्मीसच्या नावावरचे जुने ग्रीक ग्रंथ वेगळे. ते इजिप्तमध्ये साधारण पहिल्या ते तिसऱ्या शतकात रचले गेले आणि १४६३ मध्ये मार्सिलियो फिचिनो यांनी त्यांचं लॅटिन भाषांतर केलं. 'द किबॅलियन'मधली लय, ध्रुवता वगैरे सात तत्त्वांची यादी त्या जुन्या ग्रंथांत नाही. त्यामुळे 'प्राचीन इजिप्त आणि बुद्ध एकच बोलले' असं कुठे लिहू नकोस. भारतीय विचार ॲटकिन्सन यांच्या टेबलावर आधीच होता. थोडं साम्य दिसणारच.

आता लंबक. इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. आपली म्हण आधी हसू आणि मग रडू असा क्रम लावते. 'द किबॅलियन' तो क्रम उलटा लावतं: ऋण टोक आधी, धन टोक नंतर. म्हणजे आजचं सुख हीच आधी भोगलेल्या दुःखाची भरपाई, मग ते दुःख या जन्मातलं असो की मागच्या. सुखाचं बिल पुढे फाडलं जाईलच असं नाही, हे त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. म्हण हसणाऱ्याला घाबरवते आणि पुस्तक रडणाऱ्याला धीर देतं. हिशेबाची वही मात्र दोघांकडेही आहे: जमा तितकं खर्च.

बुद्ध ही वहीच बाजूला ठेवतात. लोणफल सुत्तात, म्हणजे पालीतल्या त्यांच्या एका प्रवचनात, ते म्हणतात की माणूस जसं कर्म करतो अगदी तसंच आणि तेवढंच फळ त्याला भोगावं लागतं, असं मानलं तर दुःख संपवायला वावच उरत नाही. पुढचा दाखला मिठाचा आहे. मिठाचा खडा वाटीभर पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही. तोच खडा गंगेत टाकला तर काहीच कळत नाही. खडा तोच, पाणी किती आहे त्यावर खारटपणा ठरतो. लहानसं वाईट कर्म संकुचित मनाला बुडवतं, साधना केलेल्या विशाल मनाला जेमतेम शिवतं. डावा झोका उजव्याएवढाच असतो, या नियमाला याहून थेट उत्तर मला माहीत नाही. शिवाय मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाला बुद्धांनी वेदनांची आठ कारणं सांगितली (इथे वेदना म्हणजे फक्त दुखणं नव्हे, सुखद-दुःखद कुठलीही जाणीव). त्यांत पित्त, कफ, वात, ऋतुबदल, मार लागणं हेही आहे. कर्माचा परिणाम हे आठांपैकी एक. तेव्हा पोट दुखलं की 'मागचं काय फेडतेय मी' असं शोधत बसायचं कारण नाही.

मग झोके दिसतात ते खोटे का? खोटे नाहीत. लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख या चार जोड्यांना बुद्धांनी 'आठ लोकधर्म' म्हटलं आहे, आणि ते ज्ञानी माणसालाही चुकत नाहीत. वेगळं आहे ते पुढचं. सल्ल सुत्त सांगतं की अजाण माणसाला दुःखद वेदना झाली की एका बाणावर दुसरा बाण बसल्यासारखं होतं: एक शरीराला, दुसरा मनाला. मग तो इंद्रियसुखाकडे धावतो. का धावतो, याचं उत्तरही तिथेच आहे: दुःखातून सुटायची दुसरी वाटच त्याला ठाऊक नसते. हा झाला झोका. दुःखाला ढकलण्यातून सुखाची ओढ निर्माण होते, आणि ओढून घेतलेलं सुख संपलं की पुन्हा ढकलणं सुरू होतं.

घड्याळाचा लंबक आठव. वजन किंवा स्प्रिंग त्याला प्रत्येक फेरीत बारीकसा धक्का देत राहते म्हणून तो हलतो. धक्का बंद झाला की हवेच्या आणि टेकणाच्या घर्षणानं हळूहळू थांबतो. 'द किबॅलियन'मधला लंबक थांबत नाही. आपण मनानं वरच्या पातळीवर चढायचं आणि झोका खालून जाऊ द्यायचा, हा त्याचा उपाय. बुद्ध विचारतात, धक्का कोण देतंय? उत्तर आहे तृष्णा. हे असेल तर ते होतं, हे नसेल तर ते होत नाही. वर चढून बसलेल्या माणसाच्या पायाखाली लंबक चालूच राहतो, आणि 'मी वर आहे' या भावनेला जपायचं कामही नव्यानं मागे लागतं. मला इथे बुद्धांचं निदान जास्त खोल वाटतं.

ध्रुवतेचं तत्त्व म्हणतं, विरुद्ध गोष्टी जातीनं एकच, फरक अंशांचा. गरम आणि थंड एकाच तापमापीवर असतात. एक अट त्यात आहे ती विसरू नकोस: बदल एकाच जातीत होतो. भीतीचं धैर्य होईल, द्वेषाचं प्रेम होईल, पण भीतीचं प्रेम होणार नाही. नको असलेला भाव घालवायचा तर त्याच्या विरुद्ध टोकावर मन एकाग्र करायचं. याच्या जवळचं काही बौद्ध साधनेतही आहे. वितक्कसण्ठान सुत्तात वाईट विचार घालवायचे पाच उपाय आहेत, आणि पहिला म्हणजे सुतारानं बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढावी तसा चांगला विचार आणणं. आपल्याकडे काट्यानं काटा काढतात, तसंच. पण तो पाचांतला पहिलाच. तो चालला नाही तर त्या विचाराचा तोटा पाहा, मग त्याकडे लक्ष देऊ नका, मग तो कशातून उठतो ते शोधत त्याचा वेग कमी करा, आणि शेवटी दात आवळून मनाला आवरा.

दोन टोकांच्या या खेळाचा शेवट कुठे होतो, ते चूळवेदल्ल सुत्तात सापडतं. हा संवाद मला फार प्रिय आहे. विसाख नावाचा गृहस्थ विचारतो आणि भिक्खुणी धम्मदिन्ना उत्तरं देते. सुखद वेदनेची जोडी कोणती? दुःखद. दुःखदेची? सुखद. इथवर ध्रुवताच आहे. मग तो विचारतो, ना सुखद ना दुःखद अशा वेदनेची जोडी कोणती? ती म्हणते, अविद्या. अविद्येची विद्या, विद्येची विमुक्ती, विमुक्तीची निब्बाण, म्हणजे निर्वाण. आणि निब्बाणाची? ती म्हणते, विसाखा, प्रश्न फार लांब गेला. पट्टीवर अंश मोजता मोजता ती पट्टीबाहेर घेऊन जाते. नंतर बुद्धांनीही म्हटलं की मला विचारलं असतंस तर मी हेच सांगितलं असतं.

मध्यम मार्ग म्हणजे तापमापीचा मधला आकडा नव्हे, हेही यातूनच कळतं. भोगात बुडणं आणि शरीराला छळणं ही दोन्ही टोकं सोडून निघालेली ती आठ अंगांची वाट आहे. अर्धा भोग आणि अर्धा छळ असं तिचं मिश्रण होत नाही.

एका शब्दावर मराठी माणूस हमखास अडखळतो. आपल्या बोलण्यात 'उपेक्षा' म्हणजे दुर्लक्ष, अवहेलना. पालीतली 'उपेक्खा' म्हणजे समतोलपणे पाहणं. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या आनंदात आनंद) यांच्यानंतरचा चौथा ब्रह्मविहार, म्हणजे मनाची उदात्त अवस्था. पाचव्या शतकातल्या विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या ग्रंथात बुद्धघोष प्रत्येकाचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगतात. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, जवळचा आसक्ती. उपेक्खेचे दूरचे शत्रू पालीतला 'राग', म्हणजे ओढ (आपला मराठी राग नव्हे), आणि प्रतिघ, म्हणजे चीड, ही दोन्ही टोकं. आणि जवळचा शत्रू अज्ञानातून आलेला बेफिकीरपणा. म्हणजे मराठी शब्दानं नेमका जवळच्या शत्रूचा अर्थ उचलला! ध्रुवतेच्या सरळ रेषेवर हा जवळचा शत्रू दाखवता येत नाही. तो समोरच्या टोकाला नसतो, मूळ गुणाचेच कपडे घालून शेजारी उभा असतो.

करून पाहायचं असेल तर वहीत तीन खाने कर: सुखद, दुःखद, दोन्ही नाही. रोज दहा मिनिटं शांत बस, श्वासावर लक्ष ठेव आणि शरीरात जे जाणवेल ते यांतल्या कुठल्या खान्यातलं आहे एवढंच ओळख. मग मन काय करतंय ते बघ: ओढतंय, ढकलतंय, की पेंगतंय. बसून उठल्यावर लिही, मध्येच नको. दोन चुका होतील. एक, शांत वाटायलाच हवं म्हणून दुःखद वेदनेला दाबशील. ते ढकलणंच आहे. दुसरी, तिसरा खाना रिकामा राहील, कारण तिथे मन निसटून भलत्या विचारात गेलेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. धम्मदिन्नेनं तिथे 'अविद्या' म्हटलं ते यासाठी.

आणि कुणाचा राग धुमसत असेल तर थेट त्या माणसावर प्रेम आणायला जाऊ नकोस. विसुद्धिमग्गात मैत्रीचा क्रम ठरलेला आहे: आधी स्वतः, मग आदर वाटतो असं माणूस, मग जिवलग, मग ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही असं, आणि वैरी सगळ्यात शेवटी. आधीच वैऱ्याला समोर घेतलं तर राग उसळतो आणि साधना तिथेच बसते. तसं झालं तर एक पायरी मागे ये, मन मऊ झालं की पुन्हा जा.

रविवारी फोनवर बोलू तेव्हा तिसऱ्या खान्यात काय आलं ते सांग.

तुझी,
आई