चहातून कॅफीन काढताना मधला फेसाळ थर जात नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला चहापत्तीतून कॅफीन काढताय. सेपरेटिंग फनेलमध्ये (तळाला कॉक, म्हणजे नळ असलेलं काचेचं भांडं) चहाचं पाणी आणि डायक्लोरोमिथेन हे कॅफीन विरघळवून घेणारं द्रावक घालून जोरात हलवलं. आता दोन्हींच्या मध्ये साबणाच्या फेसासारखा बोटभर थर अडकलाय आणि अर्धा तास झाला तरी तो जात नाही. सिनियर म्हणतात, पाणी नेहमी खालीच असतं, वरचं ठेवा आणि बाकीचं सिंकमध्ये सोडून द्या.

आधी सिनियरच्या सल्ल्याबद्दल: काहीही सोडू नका. पाणी नेहमी खाली नसतं. जे जड ते खाली बसतं, एवढाच नियम आहे. एक मिलिलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम, डायक्लोरोमिथेनचं १.३३, क्लोरोफॉर्मचं १.४९. ही दोन्ही पाण्याखाली बसतात. उलट इथाइल ॲसिटेट ०.९० आणि ईथर ०.७१, म्हणून ती वर तरंगतात. सिनियरने इथाइल ॲसिटेट वापरून प्रयोग केला असेल, म्हणून त्यांचा तसा समज झाला. तुमच्या फनेलमध्ये वरचा तपकिरी थर पाण्याचा आहे आणि कॅफीन खालच्या, जवळजवळ रंगहीन थरात आहे. सिनियरचं ऐकलं असतं तर नेमकं तेच वाहून गेलं असतं.

रंगावरून कळत नसेल तर ड्रॉपरने वरून पाण्याचे चार थेंब सोडा आणि डोळा फनेलच्या पातळीला आणून बघा. थेंब वरच्या थरात मिसळून गेले तर वरचं पाणी. गोल मोत्यासारखे खाली उतरून खालच्या थरात विरले तर खालचं पाणी.

मी बडोद्यात एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये एकवीस वर्षं काम करते. पहिल्याच वर्षी एका प्रोजेक्टच्या मुलीला मदत करताना ईथर आहे असं धरून चालले आणि खालचा थर वेस्टच्या कॅनमध्ये ओतला. ते डायक्लोरोमिथेन होतं आणि तिची तीन आठवड्यांची मेहनत त्यातच होती. कॅनमध्ये आधीच दहा जणांचं काय काय होतं, परत मिळवण्याचा प्रश्नच नव्हता. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून कॉक उघडण्याआधी फ्लास्कवर चिठ्ठी लावते, ‘खालचा १’, ‘वरचा १’, आणि शेवटी हातात पदार्थ येऊन त्याचं वजन होईपर्यंत एकही फ्लास्क रिकामा करू देत नाही.

आता त्या मधल्या थराकडे येऊ. हे इमल्शन आहे. चहात टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारे पदार्थ असतात. आपण सोडियम कार्बोनेट घालतो ते टॅनिनचे क्षार होऊन पाण्यातच राहावेत म्हणून, पण हे क्षार थोडेफार साबणासारखे वागतात. जोरात हलवलं की डायक्लोरोमिथेनचे बारीक थेंब होतात, त्यांच्याभोवती हा साबण बसतो आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून चहासाठी फनेल सरबताच्या बाटलीसारखा कधी हलवू नये. बूच तळहाताने दाबून फनेल सावकाश आडवा करायचा, उलटा करायचा, पुन्हा सरळ, असं दोन-तीन मिनिटं. वेळ जास्त लागतो, पण पुढचा तास वाचतो.

झालंच आहे तर आधी खालचा स्वच्छ थर काढून घ्या आणि फेस फनेलमध्येच राहू द्या. मग चमचाभर साधं मीठ घाला, हलकेच गोल फिरवा आणि दहा मिनिटं हात लावू नका. मिठाने पाण्याचा थर आणि डायक्लोरोमिथेन यांचं एकमेकांशी आणखी कमी जमतं, थेंब एकत्र येऊ लागतात. काचेच्या कांडीने फेसात हळूहळू ढवळल्यानेही फरक पडतो. तरीही हट्टाने राहिला तर तो फेस वेगळा काढून काचेच्या लोकरीच्या बोळ्यातून गाळा. लॅबला सेंट्रिफ्यूज (वेगाने गरगर फिरवून थर वेगळे करणारं यंत्र) असेल तर दोन मिनिटांत प्रश्न मिटतो. गरम मात्र करू नका. डायक्लोरोमिथेन ३९.६ अंशांना उकळतं आणि आपल्याकडे मे महिन्यात नुसत्या हवेचा पारा त्याच्या पुढे जातो.

याच कारणाने चहा पूर्ण गार झाल्यावरच फनेलमध्ये ओता. आणि हलवताना दर एक-दोन वेळा फनेल उलटा धरून, नळी फ्यूम हूडकडे (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाकडे) वळवून, कॉक उघडा. फुस्स आवाज येतो तो आतला दाब. नळी कोणाच्या तोंडासमोर नको. ग्लोव्हजवर डायक्लोरोमिथेन सांडलं तर लगेच बदला, ते नायट्राइल रबराच्या ग्लोव्हजमधून पटकन आत शिरतं.

खालचा थर सोडताना वरचं बूच काढायला विसरू नका, नाहीतर धार गुळगुळ करत थांबते. सुरुवातीला कॉक मोकळा सोडला तरी चालतो. दोन थरांमधली रेषा निमुळत्या भागात आली की वेग कमी करा. ती तपकिरी चकती आधी रुपयाएवढी दिसते, मग शर्टाच्या बटणाएवढी. तिथे कॉक बंद करा, फनेल जरासा फिरवा, भिंतीला चिकटलेले थेंब खाली येऊ द्या, आणि मग एकेक थेंब सोडा. चकती कॉकच्या भोकात शिरताना हात थांबला पाहिजे. वरचा थर त्याच नळीतून काढू नका, वरच्या तोंडातून ओता.

डायक्लोरोमिथेन एकदम सगळं वापरण्याऐवजी तीन भागांत वापरा. पंचवीस अंशांना कॅफीन पाण्यात मिलिलिटरला साधारण २२ मिलिग्रॅम विरघळतं, डायक्लोरोमिथेनमध्ये साधारण १४०. म्हणजे सहापट धरा. शंभर मिलिलिटर चहाला एकदाच साठ मिलिलिटर वापरलं तर बावीस टक्के कॅफीन चहातच राहतं. वीस-वीस मिलिलिटर तीनदा वापरलं तर नऊ टक्क्यांच्या आसपास. द्रावक तेवढंच, फक्त हात तीनदा चालवायचे. विरघळलेला पदार्थ दोन द्रवांत ठराविक प्रमाणात वाटला जातो, हा वाटणीचा नियम नर्न्स्ट या शास्त्रज्ञांनी १८९१ मध्ये मांडला.

सरळ पाणी आटवून कॅफीन का मिळवत नाही, असंही विचारलंय. आटवलं तर टॅनिन, रंग, साखर सगळं कॅफीनबरोबर तळाशी राहील. बडोद्यात अलेम्बिक हे नाव रोज कानावर पडतं. १९०७ साली त्रिभुवनदास गज्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कंपनीचं ते नाव आणि त्याचा अर्थच जुन्या पद्धतीचं ऊर्ध्वपातनाचं भांडं. ते भांडं मिसळलेले द्रव उकळणबिंदूवरून वेगळे करतं. आपल्या फनेलला आच लागत नाही, तिथे वजन आणि विरघळण्याची आवड यांवर काम चालतं. डायक्लोरोमिथेन शेवटी काढून टाकताना मात्र ऊर्ध्वपातनच लागेल, म्हणून त्याआधी तिन्ही वेळचा खालचा थर एकत्र करून त्यात उरलेलं पाणी शोषून घ्यायला निर्जल सोडियम सल्फेट घाला. पावडर गोळे न होता बर्फाच्या चुऱ्यासारखी मोकळी फिरू लागली की पाणी गेलं असं समजा.

पुढचं प्रॅक्टिकल गुरुवारी आहे, तोवर मिश्रण फनेलमध्येच बूच लावून ठेवू का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. ठेवू नका. कॉक रात्रभरात झिरपतो आणि सकाळी खाली फक्त ओला टेबल दिसतो. आजच जमेल तेवढे थर वेगळे करा, फेसही वेगळ्या बाटलीत घ्या. बाटल्या काचेच्या, घट्ट बुचाच्या, वरती थोडी जागा सोडलेल्या. प्लॅस्टिकच्या नकोत. चिठ्ठ्या लावून फ्यूम हूडमध्ये, उन्हापासून लांब ठेवा आणि लॅबच्या सरांना सांगून ठेवा, म्हणजे बुधवारी साफसफाईत कोणी त्या ओतून टाकणार नाही.