फ्लॅटला कॉटेज स्टाइल रूप द्यायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट दोन खोल्यांचा आहे, छत सपाट, भिंती गुळगुळीत, खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या. फुलांचा वॉलपेपर, छताला लाकडी तुळया आणि पांढरं फर्निचर एवढं केलं की इंग्लिश कॉटेजसारखं दिसेल का?

एवढंच केलं तर दुकानाच्या शोरूमसारखं दिसेल. घरांच्या आतली मांडणी हेच माझं काम असल्यामुळे ही यादी माझ्या चांगलीच ओळखीची आहे, आणि ती नेमकी उलट्या टोकाने सुरू होते.

मुळात कॉटेज म्हणजे शेतावर राबणाऱ्याचं घर. जवळपास जे मिळेल त्याचं बांधलेलं: दगड, माती, लाकूड, वर गवताचं छप्पर. गवतावरून पाणी झटकन ओघळावं म्हणून छपराला साधारण ५० अंशांचा उतार, आणि म्हणून माडीवरची खोली तिरकी. ऊब टिकावी म्हणून छत बुटकं. मोठी सपाट काच बनवणं १९व्या शतकापर्यंत अवघड आणि महागाचं, म्हणून खिडकीत छोटे छोटे चौकोन. आज आपण ज्याला 'लूक' म्हणतो ते सगळं अडचणीतून आलेलं आहे.

त्याची हौस म्हणून नक्कल करणंही काही आजचं नाही. १८११ मध्ये जॉन नॅश या वास्तुविशारदाने ब्रिस्टलजवळ ब्लेझ हॅम्लेट नावाची वस्ती आखली. एका इस्टेटीवरच्या निवृत्त नोकरांसाठी नऊ कॉटेजेस, ठरवून चित्रासारखी दिसतील अशी. नऊपैकी एकही दुसऱ्यासारखं नाही. त्यामुळे नक्कल करताय म्हणून ओशाळू नका, पण नॅशकडून एवढं नक्की घ्या: सेट विकत आणायचा नाही.

आता तुळयांबद्दल. फोमच्या पोकळ तुळया छताला चिकटवू नका. तुमचं छत नऊ फुटांचं असेल तर उंची जाते ती जाते, आणि वर भार काहीच नाही हे नजरेला लगेच कळतं. त्या काळ्याकुळकुळीत तुळयांचा सोससुद्धा बराचसा व्हिक्टोरियन काळातला, म्हणजे १९व्या शतकातला आहे. जुनं ओक रंग न देता ठेवलं तर करडं-भुरं पडतं.

तो पैसा भिंतींवर घाला. कॉटेजचं निम्मं काम भिंत करते. साध्या इमल्शन रंगाची भिंत एकसारखी, सपाट दिसते, तर चुन्याच्या भिंतीत ढग असतात. चुना विरवून दुधाइतका पातळ करायचा, भिंत ओली करून घ्यायची आणि रुंद केसाळ ब्रशने आडवे-तिडवे फटकारे मारायचे. रोलर नको. पहिला हात दिल्यावर 'काही लागलंच नाही' असं वाटतं, कारण ओला चुना जवळजवळ पारदर्शक असतो. सुकत जातो तसतसा तो पांढरा होत जातो, आणि पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. एक दिवस जाऊ देऊन दुसरा हात, असे तीन-चार. रंग हवा असेल तर पिवडी किंवा काव मिसळा, मातीचे रंग चुन्यात टिकतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातमोजे मात्र हवेतच, चुना भाजतो. आणि जुन्या इमल्शनवर चुना धरत नाही; आधी भिंत गिलाव्यापर्यंत खरवडा किंवा त्यासाठीचा खनिज प्रायमर लावा. एवढा खटाटोप नको असेल तर चुन्यासारखा दिसणारा तयार रंग मिळतो. बरा असतो, पण चुन्याचा तो गहिरेपणा येत नाही.

चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली की कपड्याला पांढरं लागू शकतं. म्हणून खालच्या भागात, साधारण मीटरभर उंचीपर्यंत, खाचेत बसणाऱ्या उभ्या लाकडी पट्ट्या मारून घ्या. त्यांच्या वरच्या कडेला एक आडवी फळी आणि तिच्यात लाकडी खुंट्या. पिशव्या, टोप्या, छत्री, सगळं तिथे अडकेल आणि कपाट एक कमी लागेल. पट्ट्यांना फिका हिरवट-करडा रंग द्या, चकचकीत नको.

खिडक्यांवर चौकटींचे खोटे स्टिकर लावणारे पाहिलेत. नका लावू. त्यापेक्षा खिडकीच्या मध्यावर एक बारीक दांडी बसवून फक्त खालच्या अर्ध्या भागाला सुती पडदा करा. अ‍ॅल्युमिनियमची निम्मी चौकट झाकली जाते, बाहेरून कोणी डोकावत नाही आणि वरून उजेड येत राहतो.

आता तुमचा लाडका फुलांचा वॉलपेपर! इथे विल्यम मॉरिस या इंग्लिश नक्षीकाराचं नाव घ्यावंच लागेल. १८६१ मध्ये त्याने भागीदारांबरोबर सजावटीची कंपनी काढली. १८८३ चं त्याचं 'स्ट्रॉबेरी थीफ' हे छापील सुती कापड तुम्ही कुशनवर कुठे ना कुठे पाहिलेलं असणार: बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या पळवणारे पक्षी. नीट बघितलंत तर त्याची नक्षी दाट असते, पण गर्द निळी पार्श्वभूमी सगळ्याला बांधून ठेवते. तुमच्याकडेही तसंच करा. मोठ्या फुलांचं एकच कापड निवडा, त्यातला एक रंग उचला आणि बाकीचे अभ्रे, पडदे त्या रंगाच्या चौकडीत किंवा पट्ट्यांत घ्या. दोन मोठ्या फुलांची कापडं एका खोलीत आली की भांडतात.

फर्निचर जुनं, बेमेळ आणि कामाचं असावं. एखादं फडताळ, एक दणकट टेबल, न जुळणाऱ्या खुर्च्या. नव्या पांढऱ्या टेबलाला सगळीकडून पॉलिश पेपर घासून 'जुनं' करण्याची टूम मला अजिबात पटत नाही. खरी झीज जिथे हात आणि पाय लागतात तिथेच होते: मुठीभोवती, खणाच्या वरच्या कडेला, खुर्चीच्या खालच्या दांडीवर. घासायचंच असेल तर तेवढंच घासा. स्वयंपाकघरात उघड्या फळ्या छान दिसतात, पण त्यांवर रोज हाताळली जाणारी भांडीच ठेवा. बाकीच्यांवर तेलकट धूळ बसते आणि ती धुण्याचा कंटाळा येतो.

दिव्यांचं थोडक्यात: छताच्या मध्यावरचा एकच झगझगीत दिवा बंद, त्याऐवजी खोलीत तीन-चार ठिकाणी खाली ठेवलेले २७०० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे दिवे. हे काम सगळ्यात आधी करा, कारण भिंतीचा रंग आणि कापड तुम्ही रात्री त्याच उजेडात बघणार आहात. वॉलपेपरचा नंबर शेवटचा. त्याचा मोठा तुकडा आणून भिंतीवर नुसता टाचून ठेवा आणि महिनाभराने बघा, अजून आवडतोय का.