पत्र्यातला निनाद : प्लेट रिव्हर्बच्या दुरुस्तीत करिअर होईल का?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपण सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावणारे व दुरुस्त करणारे कारागीर आहात, आपली मुलगी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि दिवाळीच्या सुटीत पुण्यातील एका स्टुडिओत जुने प्लेट रिव्हर्ब, म्हणजे पोलादी पत्र्याच्या कंपाने आवाजाला निनाद देणारे यंत्र पाहून आल्यापासून अशी यंत्रे दुरुस्त करण्याचे व त्यांत सुधारणा करण्याचेच काम करायचे, असे तिने मनाशी ठरवले आहे. ‘पत्रा वाजवून पोट भरते का, की तिला इंजिनिअरिंगला घालू?’ असे आपण विचारले आहे.

केवळ प्लेटच्या दुरुस्तीवर घर चालेल एवढे काम आज महाराष्ट्रात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती दुरुस्ती करण्यासाठी जे हात आणि जे कान तयार व्हावे लागतात, त्यांना काम आहे आणि पुढेही राहील. म्हणून तिला या वाटेवरून मागे ओढू नका. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, एवढा क्रम मात्र बदलायला सांगा.

तिने जे यंत्र पाहिले ते काय आहे, हे आपल्यालाही नीट समजले पाहिजे, कारण या कामात आपली तिला मदत होणार आहे. आपल्या सोलापूरच्या शाळांच्या सहली विजापूरला जातात आणि गोलघुमटात एक टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा ऐकू येते, तो प्रतिध्वनी. देवळाच्या गाभाऱ्यात आवाज तुटकपणे परत न येता काही क्षण भरून राहतो, तो निनाद. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला असा निनाद लागतो आणि पूर्वी त्यासाठी स्टुडिओला रिकामी, कठीण भिंतींची वेगळी खोली राखून ठेवावी लागे. १९५७ साली जर्मनीतील ईएमटी या कंपनीने ‘१४०’ क्रमांकाचे यंत्र बाजारात आणले आणि त्या खोलीचे काम एका पोलादी पत्र्यावर सोपवले. हा पत्रा २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि अवघा अर्धा मिलिमीटर जाड असतो. हिशेब केला तर पत्र्याचे वजन आठ किलोच्या आतच भरते, पण चौकट आणि पेटीसह संपूर्ण यंत्र सुमारे २७० किलोचे होते. स्पीकरच्या कॉइलसारखा एक ड्रायव्हर पत्र्याला कंप देतो, पत्र्यावर बसवलेले पिकअप ते कंप उचलून त्यांचे विजेच्या संकेतात रूपांतर करतात, आणि शेजारची सच्छिद्र डॅम्पर प्लेट जवळ किंवा लांब सरकवून निनाद साधारण एक सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत कमीजास्त करता येतो. हवेत सगळे स्वर एकाच वेगाने जातात. पत्र्यात मात्र वरचे स्वर खालच्या स्वरांच्या पुढे धावतात, आणि प्लेटच्या आवाजाला सुरुवातीलाच जी चकाकी येते तिचे हे एक मोठे कारण आहे. आज संगणकावरील प्लगइन, म्हणजे ध्वनीची छोटी सॉफ्टवेअर, या आवाजाची चांगली नक्कल करतात, त्यामुळे खरी प्लेट सांभाळणारे स्टुडिओ थोडे उरले आहेत; पण जे सांभाळतात त्यांना ती बिघडल्यावर जाणता माणूस सहज मिळत नाही.

आता मूळ कामाकडे येतो. या यंत्रातील सर्वांत नाजूक गोष्ट पत्र्याचा ताण ही आहे. पत्रा चौकटीत क्लिपांनी ओढून धरलेला असतो आणि एका कोपऱ्याचा ताण सैल पडला, की निनादात डबा वाजल्यासारखा पत्र्याचा आवाज येऊ लागतो. कारागीर बोटाने पत्र्यावर हलकी टिचकी मारतो, कान लावून ऐकतो, एका कोपऱ्याचा स्क्रू जरासा फिरवतो आणि समोरच्या कोपऱ्याकडे जातो. आपण आयुष्यभर मागाच्या बीमवरचा ताणा (उभे धागे) सारखा राहावा म्हणून हाताने जे ओळखत आलात, त्याच जातीचे हे काम आहे. आपल्या मुलीला ही समज कोणत्याही कॉलेजपेक्षा आपल्याकडून लवकर मिळेल. सोलापूरच्या उन्हाळ्याचाही यात विचार करावा लागतो. वीस अंशांच्या फरकाने दोन मीटर पोलाद सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. पातळ पत्रा लगेच तापतो आणि जाड चौकट मागाहून तापते, त्यामुळे सकाळी लावलेला ताण पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तसाच राहील याचा भरवसा धरता येत नाही.

दुसरा भाग इलेक्ट्रॉनिक्सचा. जुन्या यंत्रांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेले असतात, अर्थिंगच्या चुकीमुळे ५० हर्ट्झची घरघर येते, पिझो पिकअप (कंपाच्या दाबाने वीज निर्माण करणारे) अशक्त झालेले असतात. पिझो पिकअप कपॅसिटरसारखा वागतो, हे तिने वहीत मांडून पाहावे. समजा पिकअपची धारिता (वीज साठवण्याची क्षमता) १० नॅनोफॅरड आहे आणि त्यापुढे १० किलोओहम इनपुट रोधाचा प्रीअँप, म्हणजे क्षीण संकेत वाढवणारा पहिला अँप्लिफायर, जोडला, तर सुमारे १,६०० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरू लागतो. तोच प्रीअँप १ मेगाओहमचा केला, तर ही सीमा १६ हर्ट्झवर जाते. ‘प्लेटचा आवाज पातळ झाला’ अशी तक्रार आल्यावर पत्र्याला हात लावण्याआधी हे तपासणारा तंत्रज्ञ स्टुडिओचे दोन दिवस वाचवतो.

सुधारणांबद्दल माझे मत थोडे कडक आहे. एका पिकअपच्या प्लेटला दुसरा पिकअप बसवून ती स्टीरिओ करणे किंवा व्हॉल्व्हच्या (जुन्या काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अँप्लिफायरऐवजी ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर लावणे यांत गैर काही नाही. पण मालकाच्या लेखी संमतीशिवाय पत्र्याला भोक पाडू नये, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून परत द्यावा आणि केलेला बदल पुन्हा उलटवता येईल असाच करावा. जुन्या यंत्राचे मोल त्याच्या मूळपणातही असते आणि ते एका ड्रिलने कायमचे जाते.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये काहीशे व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका हुशार मुलाने ‘प्लग काढला आहे’ एवढ्या भरवशावर आत हात घातला होता. तो वाचला, पण पुढे कित्येक महिने त्याला यंत्राच्या उघड्या चॅसिसला (आतल्या सांगाड्याला) हात लावण्याची भीती वाटत होती. योग्य रेझिस्टरमधून कपॅसिटर रिकामा करणे आणि मीटरवर शून्य पाहूनच हात घालणे, ही सवय जाणत्या माणसासमोर पक्की होईपर्यंत तिने असे यंत्र एकटीने उघडू नये.

पुढील शिक्षणाचे म्हणाल, तर डिप्लोमा पूर्ण झाल्यावर तिने शक्यतो राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेखाली एक वर्ष अशा ठिकाणी काढावे, जिथे रोज सोल्डरिंग आणि मोजमाप करावे लागते. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तो मार्ग चांगला आहे आणि वर्षभराने घेतल्याने बिघडत नाही. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत ध्वनीचा अभ्यासक्रम आहे, पण त्याला आधी पदवी लागते, म्हणून पदवीचे दार बंद करू नका. दरम्यान सोलापुरातच कमाई सुरू होऊ शकते. गणेशोत्सव, गड्ड्याची जत्रा आणि लग्नसराई यांवर चालणाऱ्या साउंडवाल्यांचे मिक्सर, अँप्लिफायर आणि माइक वर्षभर बिघडत असतात. वेळेवर, पक्की आणि बिलासह दुरुस्ती करून देणाऱ्याला त्यांच्याकडून काम मिळते. तिथे हात बसला, की पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंची मिक्सिंग कन्सोल, टेप मशीन आणि आवाजाची चढउतार आवरणारे जुने कॉम्प्रेसर ही पुढची पायरी, आणि त्याच स्टुडिओंमधून कधीतरी प्लेटचे काम येईल. ते विशेष काम म्हणून यावे, महिन्याचा किराणा त्यावर अवलंबून नसावा.

या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी तिने स्वतः एक लहान प्लेट बांधावी, असे मी सुचवतो. एमआयडीसीतील फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपची चौकट जोडून घ्यावी, अर्धा मिलिमीटरचा कोल्ड रोल्ड पत्रा आणावा आणि तो सुरकुतलेला किंवा पोचा आलेला नाही हे उजेडात तिरका धरून पाहावे. ताण देताना क्लिप सुटली तर ती चेहऱ्यावर येऊ शकते आणि पत्र्याची कड हात कापते. म्हणून त्या दिवशी दोघांनीही संरक्षक चष्मा आणि जाड हातमोजे घालावेत आणि आपण समोरच्या कोपऱ्याला उभे राहावे. प्रत्येक फेरीनंतर कोणता स्क्रू किती फिरवला आणि निनाद किती सेकंद टिकला, हे तिने वहीत तारीख, वेळ व खोलीच्या तापमानासह लिहावे. एप्रिलपर्यंतच्या नोंदी झाल्या की ती वही मला पाठवा. पुण्यात कोणाकडे शब्द टाकायचा, हे मी ती पाहून ठरवीन.

आपला,
करिअर मार्गदर्शक