छोट्या दुकानातला रोजचा गोंधळ लिहून कसा कमी करायचा?
फराळाचं दुकान, कामाला तीन माणसं, तरी प्रत्येक गोष्ट मालकालाच विचारतात, असा तुमचा प्रश्न आहे.

सगळं एकदम लिहायला बसू नका. आठवडाभर खिशात छोटी वही ठेवा आणि कोणी काही विचारलं की टिपा. जो प्रश्न सारखा येतो, तो आधी घ्या. बहुतेक तो ऑर्डरचाच निघतो: फोनवर घेतली, चिटोऱ्यावर लिहिली, चिटोरा हरवला. गल्ल्याशेजारी दोरीने बांधलेली एकच वही करा. नाव, फोन, माल, किलो, कधी न्यायचं, ॲडव्हान्स, आणि ऑर्डर कोणी घेतली. या शेवटच्या रकान्याने फार फरक पडतो.

चकलीची कृती मात्र तुम्ही लिहू नका. ज्या मावशी रोज करतात त्यांना बोलू द्या, तुम्ही उतरवून घ्या. ‘अंदाजाने’ म्हणाल्या की वजनकाटा पुढे करा. मग तो कागद नव्या माणसाला द्या आणि गप्प उभे राहा. तो जिथे अडेल, ती ओळ पुन्हा लिहा.

जीएसटीचं रिटर्न दरमहा भरत असाल तर ११ (विक्रीचा तपशील) आणि २० (रिटर्न आणि कर) या शेवटच्या तारखांना कॅलेंडरवर लाल गोल करा. कृतीचा कागद फाइलमध्ये नको, शेगडीजवळच्या भिंतीवर लावा.