शेजारी 448 फ्लॅट येणार, सोसायटीने ‘ना हरकत’ द्यावी का?

प्रश्न: आम्ही सिंहगड रस्त्याच्या पुढे किरकटवाडीत 96 फ्लॅटच्या सोसायटीत राहतो. मी बँकेतून निवृत्त झाले, आता सोसायटीची सचिव आहे. 2016 मध्ये ताबा मिळाला. खडकवासला धरण दुचाकीवर दहा मिनिटांवर, आणि आम्ही रोज चार टँकर मागवतो. धरण उशाला आणि कोरड घशाला. आता शेजारच्या मोकळ्या जागेवर चौदा-चौदा मजल्यांच्या चार इमारतींचा, म्हणजे 448 फ्लॅटचा फलक लागला आहे. बिल्डरचा माणूस येऊन गेला. आमच्या आतल्या रस्त्यावरून त्यांना ये-जा करायची आहे आणि त्यांची ड्रेनेज लाइन आमच्या शेवटच्या चेंबरला जोडायची आहे. त्यासाठी सोसायटीचं ना हरकत पत्र हवं. बदल्यात वीस लाख रुपये आणि इमारतींना रंग. आमचे अध्यक्ष म्हणतात, इमारती होणारच आहेत, निदान पैसे तरी पदरात पाडून घेऊ. आमचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, अजून झालेलं नाही. रविवारी सर्वसाधारण सभा आहे. हा प्रकल्प आम्हाला थांबवता येईल का? निदान पाणी, रस्ता, ड्रेनेज झाल्याशिवाय परवानगी देऊ नका, असं म्हणायचा तरी हक्क आहे का?

उत्तर: ताई, सभा रविवारी आहे म्हणून आधी तेवढ्यापुरतं सांगतो. ना हरकत पत्र देऊ नका. वीस लाखांना नाही आणि चाळीस लाखांनाही नाही.

कारण असं की शेजारच्याला स्वतःच्या जागेत इमारत बांधायला तुमची संमती कायद्याने लागतच नाही. ज्याचा रस्ता आणि सांडपाणी आपापल्या जागी नियमात बसतं, तो शेजारच्या सोसायटीचं दार वाजवत नाही. हा माणूस पैसे घेऊन आला, याचा अर्थ त्याच्या प्रस्तावात काहीतरी कमी पडतंय आणि ते तुमच्या कागदाने भरून निघणार आहे. 2020 च्या डिसेंबरपासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे लोक जिला युडीसीपीआर म्हणतात तिच्यात, किती एफएसआय वापरता येईल, म्हणजे जागेच्या किती पट बांधकाम करता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. तुमच्या अध्यक्षांना जे फुकटचे वीस लाख वाटतात, ती त्या रस्त्याची किंमत आहे, आणि फार थोडी आहे.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी पुण्याच्याच दुसऱ्या एका उपनगरातली सोसायटी आली होती. त्यांनी शेजारच्या बांधकामाच्या गाड्यांना तात्पुरती वाट म्हणून एक पत्र दिलं होतं. साधं लेटरहेड, चार ओळी, खाली सोसायटीचा गोल शिक्का. पत्रात ‘तात्पुरती’ हा शब्दच नव्हता. तो सगळ्यांच्या बोलण्यात होता, म्हणून कोणाला लिहावासा वाटला नाही. पुढे आम्ही फाइल पाहायला गेलो तेव्हा ते पत्र नकाशाला जोडलेलं होतं आणि नकाशावर त्यांच्या फाटकासमोर लाल रेषेने लिहिलं होतं, ‘प्रवेशमार्ग’. त्यानंतरची सगळी लढाई आम्ही मागच्या पायावर लढलो. म्हणून या एका मुद्द्यावर मी इतका हट्टाने बोलतोय.

असं पत्र द्यायचा अधिकार कोणाचा, हेही सभेत स्पष्ट व्हायला हवं. सामाईक जागेवरचा हक्क अध्यक्ष, सचिव किंवा कमिटी परस्पर देऊ शकत नाही. तो विषय सर्वसाधारण सभेचाच. आणि तुमच्या बाबतीत तर कन्व्हेयन्सच झालेलं नाही, म्हणजे सातबाऱ्यावर अजून जुना मालक किंवा तुमचा बिल्डर असणार. उद्या शेजारच्याने तुम्हाला बगल देऊन त्यांच्याकडूनच रस्त्याचा करार करून घेतला, तर तुम्ही कुठल्या कागदावर हरकत घेणार? 1963 च्या मोफा, म्हणजे फ्लॅट-मालकीच्या, कायद्यातल्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे एकतर्फी अभिहस्तांतरणाचा, ज्याला सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात, अर्ज याच महिन्यात करा. नऊ-दहा वर्षं थांबलात हे चुकलंच, पण अजून उशीर झालेला नाही.

एक सावधगिरी. तुमच्या रेखांकनाच्या मंजुरीत किंवा बिनशेतीच्या आदेशात अशी अट असू शकते की आतले रस्ते शेजारच्या जमिनींना जाण्या-येण्यासाठी खुले ठेवावेत. असे आदेश मी बरेच पाहिले आहेत. तशी अट असेल तर वाट पूर्ण अडवता येणार नाही आणि फाटकाला कुलूप घालून बसलात तर तुम्हीच अडचणीत याल. म्हणून तो आदेश रविवारच्या आत शोधा. ड्रेनेजला मात्र हे लागू होत नाही. तुमचा सांडपाणी प्रकल्प 96 घरांच्या हिशोबाने बांधलेला आहे. त्यात 448 घरांचं पाणी आलं तर तो पहिल्याच आठवड्यात भरून वाहील, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस येईल ती तुमच्या सोसायटीच्या नावाने. त्यांचं सांडपाणी ही सर्वस्वी त्यांची जबाबदारी.

आता तुमचा मोठा प्रश्न. प्रकल्प थांबेल का? खरं सांगायचं तर, नाही. ‘आम्ही आधी राहायला आलो’ हा कायद्यातला हक्क नाही. 2016 मध्ये किरकटवाडीतल्या जुन्या घरांनीही तुमच्याबद्दल हेच म्हटलं असतं. बांधकाम परवान्याविरुद्ध एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना, कायद्याच्या कलम 47 खाली अपील करता येतं, पण ते फक्त अर्जदाराला, म्हणजे बिल्डरला, शेजाऱ्याला नाही. दिवाणी दाव्याच्या वाटेत त्याच कायद्याचं, असे आदेश अंतिम मानणारं, कलम 149 आडवं येतं. त्यामुळे ‘बांधकाम रद्द करा’ असे फलक धरून उभं राहण्यात तुमची ताकद घालवू नका.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त योग्य होता आणि त्याचं उत्तर हो असं आहे. पालिकेची पाण्याची लाइन पुरेशी पोचलेली नाही अशा भागात परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतलं जातं. त्यात तो लिहून देतो की पालिकेचं पाणी मिळेपर्यंत रहिवाशांना मी स्वखर्चाने पाणी पुरवीन. पुण्याच्या चारी बाजूंना उभ्या राहिलेल्या हजारो फ्लॅटच्या खाली हा एक कागद आहे. तुमच्या शेजारच्या प्रकल्पाचं हमीपत्र घ्या आणि त्याच्याशेजारी हा हिशोब मांडा: 448 फ्लॅट, घरटी पाच माणसं धरली तर 2,240 माणसं, माणशी रोजचं 135 लिटर हे केंद्राचं मानक. रोज 3,02,400 लिटर. दहा हजार लिटरचे तीस टँकर, दररोज, तुमच्याच रस्त्याने. हे पाणी कुठल्या विहिरीतून, कुठल्या भरणा केंद्रावरून येणार, हे लेखी विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

तेच हमीपत्र तुमच्या स्वतःच्या इमारतीच्या फाइलमध्येही असण्याची दाट शक्यता आहे. ते आधी काढा. आणि सोबत तुमचा फ्लॅटचा करारनामा उघडा. मागच्या पानांत एक कलम सापडेल, की पालिकेचं पाणी येईपर्यंत टँकरचा खर्च फ्लॅटधारकांनी करायचा. म्हणजे सरकारला लिहून दिलं ‘मी देईन’ आणि तुमच्याकडून लिहून घेतलं ‘तुम्ही द्या’. हे दोन कागद एकत्र ठेवून कोणी विचारलंच नाही, म्हणून इतकी वर्षं तुमच्या मेंटेनन्समधून टँकरवाल्याला पैसे जाताहेत. त्या हमीपत्रावरून थेट वसुली लगेच होईल असं वचन मी देत नाही, कारण तुम्ही त्या कागदाला पक्षकार नाही. पण ज्यांनी ते लिहून घेतलं त्यांनी ते पाळून घ्यावं, हे मागणं अगदी पक्कं आहे. आणि नव्या प्रकल्पाला पुन्हा तोच कागद पुरेसा मानू नका, असं सांगायला तुमच्या इतक्या वर्षांच्या टँकरच्या पावत्यांइतका बोलका पुरावा दुसरा नाही. एक्सेलमध्ये महिनावार मांडून ठेवा. बँकेत आयुष्य गेलं आहे तुमचं, हे काम तुमच्याइतकं नेटकं कोणी करणार नाही.

कागद कुठे मिळतील? इथे तुमच्या भागाची खरी दुखरी नस आहे. 30 जून 2021 ला किरकटवाडीसह 23 गावं महापालिकेत आली, पण त्या गावांचं नियोजन तेव्हा पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, ठेवलं गेलं. परवानगी एकाच्या सहीची, पाणी-ड्रेनेज दुसऱ्याच्या डोक्यावर. नागरिक विचारायला गेला की दोघंही समोरच्या इमारतीकडे बोट दाखवतात. म्हणून प्रत्येक अर्ज दोन्हीकडे द्या, पीएमआरडीएच्या आकुर्डीलाही आणि महापालिकेच्या शिवाजीनगरलाही, आणि एकाच्या अर्जात दुसऱ्याला दिलेल्या अर्जाचा आवक क्रमांक लिहा. माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. बांधकाम परवाना व त्यातल्या अटी, मंजूर नकाशे, पाण्याचं हमीपत्र, पाणीपुरवठा आणि ड्रेनेज विभागाचे अभिप्राय, अग्निशमनचा दाखला, प्रवेशमार्गाचा पुरावा, एवढं नावानिशी मागा आणि शेवटी फाइल तपासायला वेळ मागा. फाइल स्वतः डोळ्यांनी पाहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. मंजूर नकाशे तर तोपर्यंत महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या, वेबसाइटवरही दिसतील, फलकावरचा नोंदणी क्रमांक टाका.

नकाशा हातात आला की टेप घेऊन रस्त्यावर उतरा. मुख्य रस्त्यापासून त्या जागेपर्यंत दर पन्नास पावलांवर रुंदी मोजा, विशेषतः विजेच्या खांबापाशी आणि ओढ्यावरच्या मोरीपाशी, आणि टेपसकट फोटो काढा. नकाशात बारा मीटर आणि मोरीवर साडेसहा मीटर असं निघालं, तर अग्निशमनची गाडी चौदा मजल्यांच्या इमारतीपर्यंत कशी पोचणार, हा प्रश्न कुठल्याही अधिकाऱ्याला टाळता येत नाही. बिल्डरने अर्जात खोटी माहिती देऊन परवानगी मिळवली असेल तर ती रद्द करण्याचा अधिकार महापालिका अधिनियमाच्या कलम 258 मध्ये आहे. पण प्रस्तावित रुंदी धरूनही कधी कधी परवानगी मिळते, म्हणून जागा प्रत्यक्ष ताब्यात आली आहे का, हे विचारल्याशिवाय खोटेपणाचा आरोप करू नका.

एवढे बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या वर नक्की जाईल, म्हणजे 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागणार. ती केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर पाहा. त्यात पाण्याचा स्रोत कोणता दाखवला आहे ते वाचून तुम्हाला धक्का बसू शकतो. मंजुरी चुकीच्या माहितीवर असेल तर पुण्यातच हरित न्यायाधिकरण आहे, मात्र अपिलाची मुदत 30 दिवस, फार तर आणखी 60. त्यानंतर दार बंद.

या सगळ्याचा रोख एकाच ठिकाणी हवा: भोगवटा प्रमाणपत्र. ते मिळाल्याशिवाय राहायला जाता येत नाही. तुमची मागणी अशी असावी की पाण्याची जोडणी, स्वतंत्र ड्रेनेज आणि रस्ता प्रत्यक्ष झाल्याशिवाय पहिल्या इमारतीचाही भोगवटा देऊ नये. ही मागणी आज करा, पाया खणला जातोय तेव्हा. भोगवटा मिळून कुटुंबं राहायला आली की कुठलंच न्यायालय त्यांना बाहेर काढणार नाही, आणि काढूही नये. कर्ज काढून घर घेतलेली ती माणसं तुमच्यासारखीच टँकरची वाट पाहत उभी राहतील. त्यांच्याशी तुमचं भांडण नाही.

दोन्ही कार्यालयांनी दाद दिली नाही तर उच्च न्यायालय. पाणी, सांडपाणी, रस्ते ही महापालिका अधिनियमाच्या कलम 63 खालची बंधनकारक कामं आहेत, आणि शुद्ध पाणी हे जगण्याच्या हक्कात येतं हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच म्हटलं आहे. बाणेर-बालेवाडीच्या पाण्यावरून 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या नव्या बांधकामांना काही काळ अटकाव केला होता, तेव्हा ही वाट अगदीच बंद नाही. पण तिथे जाताना हातात कागद लागतात. तुमच्या भागाने 2025 च्या जानेवारीत जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गुलेन-बॅरे आजाराची, साथ पाहिली आहे. नांदेड, किरकटवाडी, धायरीच्या घरांत तेव्हा पाण्याच्या पेल्याकडे पाहताना काय वाटत होतं ते मला अशिलांनी सांगितलंय. टँकरच्या पाण्याचा नमुना दर महिन्याला राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत तपासून अहवाल फाइलला लावा. खटल्यासाठी तर हवेच, आधी घरातल्या मुलांसाठी हवेत.

रविवारच्या सभेत एवढाच ठराव घ्या: आतला रस्ता आणि ड्रेनेज वापरण्यास सोसायटीने कोणालाही संमती दिलेली नाही, आणि सर्वसाधारण सभेच्या लेखी ठरावाशिवाय कोणाही पदाधिकाऱ्याने दिलेलं पत्र सोसायटीचं समजू नये. अध्यक्षांनी तोंडी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर काही कबूल केलं असेल तर ते त्याच सभेत विचारा, रागाने नाही, पण इतिवृत्तात येईल असं विचारा. ठरावाची प्रत सोमवारी दोन्ही कार्यालयांत आवक-जावकला देऊन शिक्का घ्या, तिसरी बिल्डरला स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. आणि सोसायटीचा शिक्का ऑफिसच्या टेबलावर असतो का, ते आज घरी गेल्यावर पाहा. असेल तर सभेपर्यंत तुमच्या कपाटात ठेवा.