भिंतीवरचं मोठं पाखरू: मारायचं की सोडायचं?

पावसाळा लागला की माझ्याकडे पिकांइतकेच घराच्या भिंतींचे फोटो येतात. या वेळी दोन प्रश्न एकत्र घेतो, कारण दोन्हींतली भीती नेमकी उलट जागी पडली आहे.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका ताईंनी पडवीत बसलेल्या वीतभर पाखराचा फोटो पाठवला आहे. "पंखाच्या टोकाला सापाचं तोंड आहे. घरात लहान मुलं आहेत. विषारी आहे का? कोणती फवारणी करू?" असं त्या विचारतात. दुसरा प्रश्न अंबडच्या एका मोसंबी बागायतदारांचा. फळाला टाचणीएवढं भोक पडतं, भोवती मऊ डाग येतो आणि दोन-चार दिवसांत फळ खाली. "फळमाशी समजून सापळे लावले, पण गळ थांबत नाही. घराच्या दिव्यावर तपकिरी पाखरं येतात, ती मात्र निरुपद्रवी दिसतात," असं ते लिहितात.

ताई, फवारणी अजिबात करू नका. हा ॲटलास पतंग. तांबूस-तपकिरी रंग, चारही पंखांवर काचेसारख्या पारदर्शक त्रिकोणी खिडक्या आणि पुढच्या पंखाच्या टोकाला सापाच्या डोक्यासारखा आकार, ही त्याची ओळख. पंखांचा विस्तार 24 सेंटिमीटरपर्यंत जातो. तो चावत नाही, डंख मारत नाही, विषारी नाही. चावणार कशाने? पतंग झाल्यावर त्याला खाता येईल असं तोंडच उरत नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दीड आठवडा जगतो, तेवढ्यात जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते आणि संपतो. त्याची अळी दालचिनी, पेरू अशा झाडांची पानं खाते, पण त्यासाठी औषध मारावं लागलं असं मला तरी कधी दिसलेलं नाही. पडवीचा दिवा रात्री बंद ठेवा, बिचारा आपोआप निघून जाईल. दिवसा हलवायचाच असेल तर सुपावर किंवा पुठ्ठ्यावर घेऊन सावलीतल्या झाडावर ठेवा. पंखाला धरू नका, त्यावरची खवलं गळतात. मुलांना जवळून दाखवा.

आता अंबडच्या दादांसाठी. तुम्ही ज्याला निरुपद्रवी म्हणता, तोच तुमचा चोर असावा. रस शोषणारा पतंग बसलेला असताना वाळक्या पानासारखा दिसतो, म्हणून नजरेतून सुटतो. काडीने हळूच पुढचा पंख उचला. खाली नारिंगी-पिवळा पंख आणि त्यावर काळा ठिपका किंवा चंद्रकोरीसारखा काळा डाग दिसला, तर शंका नको. बहुतेक पतंगांची सोंड फुलातला मध ओढण्यापुरती मऊ असते, याची मात्र टणक आणि टोकदार. पिकत आलेल्या फळाची साल भेदून तो रात्री रस पितो आणि त्या छिद्रातून बुरशी आत शिरते. फळ कापून पाहा. आत बारीक पांढऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. नुसतंच छिद्र आणि सडका, कोरडा पडलेला भाग असेल तर हा पतंग.

आणि त्याची अळी मोसंबीवर शोधू नका, सापडणार नाही. ती गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असतात. औषधी म्हणून अनेकांनी कुंपणावर हौसेने गुळवेल चढवली आहे. दारची एखादी वेल ठेवायची तर ठेवा, पण आठवड्याला पानं उलटून अळ्या वेचा. बागेच्या बांधावरच्या या वेली मात्र मुळासकट काढा. गळालेली फळं रोज गोळा करून खोल पुरा, त्यांच्या वासावर आणखी पतंग येतात. फळं पिकायला लागली की दिवस मावळताना बागेत ओलसर पालापाचोळ्याचा धूर करा. रात्री आठ ते अकरा बॅटरी घेऊन फिरा, फळावर बसलेले पतंग हाताने धरता येतात. हे एकट्याने करून भागत नाही, शेजारच्या बागेलाही सोबत घ्या.

ओघाने आणखी दोन पाहुणे. पाठीवर कवटीसारखी खूण असलेला, धरला की चीं-चीं आवाज करणारा पतंग अपशकुनी नाही. त्याची शेपटीला शिंग असलेली बोटभर अळी तिळावर दिसते, ती हाताने वेचली की पुरे. उलट वळवाच्या पावसानंतर दिव्याखाली आपटणारे तपकिरी भुंगेरे सोडू नका. ती हुमणीची, म्हणजे पिकांची मुळं खाणाऱ्या अळीची, आई. तिन्हीसांजेला कडुनिंब, बाभळीच्या फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका.

हात लावायचा नाही तो काटेरी, केसाळ अळ्यांना. 2022 साली घोणस नावाची काटेरी अळी जीवघेणी असल्याची अफवा किती पसरली ते आठवत असेल. तिच्या दंशाने आग होते, म्हणून जागेवर चिकटपट्टी लावून ओढा, म्हणजे केस निघतील, मग बर्फ लावा. श्वासाला त्रास वाटला तर थेट दवाखाना गाठा.

फोटो पाठवताना कीटकाशेजारी काडेपेटी ठेवा, मागचे पंख दिसू द्या आणि तो कोणत्या झाडाजवळ सापडला ते लिहा.