पडद्यावरची पट्टी नेमकी कोणाची?

प्रश्न : मालिकेतला महत्त्वाचा प्रसंग चालू असतो आणि खालून दुसऱ्याच मालिकेची नाचरी पट्टी वर येते. ही बंद करायची काही सोय आहे का?

ती कोण टाकतंय यावर हे अवलंबून आहे. ती वाहिनीकडून येत असेल, सेट-टॉप बॉक्सकडून किंवा खुद्द टीव्हीकडून. तिन्ही पट्ट्या दिसायला सारख्या, पण उपाय तीन तऱ्हेचे. आणि वाहिनीच्या पट्टीला तर घरबसल्या उपायच नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. प्रसारण कक्षात ती चित्रात मिसळली जाते आणि तुमच्यापर्यंत एकच शिजलेलं चित्र पोचतं. खिचडीतून डाळ वेगळी काढता येत नाही, तसंच हे.

पट्टी दिसली की सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. बॉक्स आपला मेनू वाहिनीच्या चित्रावर काढतो आणि टीव्ही आपली अक्षरं या दोन्हींच्या वर. म्हणून पट्टी मेनूच्याही डोक्यावर बसली, तर ती टीव्हीची. मेनूखाली झाकली गेली, तर वाहिनीची किंवा बॉक्सची. यातली कुठली, हे रेकॉर्डिंग सांगतं. तोच भाग रेकॉर्ड करून पुन्हा लावा. त्याच संवादावर तीच पट्टी आली तर वाहिनीची. गायब झाली तर बॉक्सची. बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय नसेल, तर दुसऱ्या कंपनीची जोडणी असलेल्या घरी त्याच क्षणी काय दिसलं ते विचारा.

पट्टी बॉक्सची असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये सूचना, शिफारशी किंवा संदेश असा भाग शोधा. तिथे बंद करायचं बटण नसेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीला कळवण्यावाचून मार्ग नाही.

टीव्हीची असेल तर सुटका सोपी आहे. बरेच स्मार्ट टीव्ही पडद्यावरच्या चित्राचा ठसा घेऊन इंटरनेटवरून जुळवून पाहतात, म्हणजे तुम्ही काय बघताय हे त्यांना कळतं आणि त्यावरून ते पट्टी टाकतात. ही सोय सेटिंगमध्ये गोपनीयता किंवा अटींच्या पानावर दडवलेली असते. नावं इतकी गोड, की बंद करावीशी वाटू नयेत : सॅमसंगवर 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीवर 'लाइव्ह प्लस', सोनीच्या काही संचांवर 'सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही'. ती बंद करा. जवळपास जाहिरातींसाठी वेगळी परवानगी दिसली तर तीही काढा. सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर पुन्हा एकदा नजर टाका, कारण कधी कधी नव्या अटींना 'मान्य' म्हणताना ती परत चालू होते. खात्री हवी असेल तर दोन दिवस टीव्हीचं वायफाय तोडून बघा.

प्रश्न : पट्टी नेमकी कळसाच्या क्षणीच का येते? मुद्दाम करतात का?

कळस बिघडवायचा हेतू नसतो, पण योगायोगही नसतो. प्रसारण आता माणूस बटणं दाबून करत नाही. संगणकात दिवसभराची प्लेलिस्ट असते आणि पट्टी ही त्यातल्या कार्यक्रमाला लटकवलेली दुय्यम नोंद असते. 'भाग संपायच्या 30 सेकंद आधी' असं एकदा लिहिलं, की रोज तसंच घडतं. नोंद करणाऱ्याने तो प्रसंग पाहिलेला असेलच असं नाही. तिकडे लेखकही आपला धक्का ब्रेकच्या तोंडाशीच ठेवतो. प्रेक्षक जागचा हलू नये, हा दोघांचाही हिशेब. त्यामुळे दोघं एकाच जागी येऊन आदळतात.

24 एप्रिल 2010 रोजी ब्रिटनच्या बीबीसी वन वाहिनीवर 'डॉक्टर हू' या मालिकेच्या भागात शेवटचा ताणलेला प्रसंग चालू असताना सूत्रसंचालक ग्रॅहॅम नॉर्टन यांचं कार्टून पडद्यावर अवतरलं. पुढच्या कार्यक्रमाची ती जाहिरात होती. 5,000 हून अधिक तक्रारी आल्या आणि बीबीसीला माफी मागावी लागली. खरं तर इलाज साधा आहे : कार्यक्रमाच्या कागदपत्रांत 'अमुक ते अमुक टाइमकोड (म्हणजे भागातली नेमकी वेळ), ग्राफिक्स नको' अशी खूण करायची आणि प्लेलिस्ट लावणाऱ्याने ती पाळायची. अडतं ते खूण कोणी करायची यावर.

प्रश्न : ऐकू कमी येत असल्यामुळे मी सबटायटल लावते. पट्टी आली की अक्षरं वाचताच येत नाहीत.

ही तक्रार सगळ्यांत रास्त. इथे नुसती चिडचिड होत नाही, संवादच हातचा जातो.

1920 गुणिले 1080 बिंदूंच्या चित्रात अक्षरांसाठी कडेने साधारण 5 टक्के जागा मोकळी सोडतात, म्हणजे वर-खाली 54 आणि दोन्ही बाजूंना 96 बिंदू. सबटायटल या मर्यादेच्या आत, तळाशी असतं. पट्टीलाही तीच जागा हवी असते. सबटायटल तुम्हाला चालू-बंद करता येत असेल, तर ते चित्रासोबत वेगळं येतं आणि बॉक्स किंवा टीव्ही ते सगळ्यांत शेवटी, पट्टीच्या वर काढतो. मग अक्षरांवर अक्षरं. अशा वेळी सबटायटलच्या सेटिंगमध्ये मागची पार्श्वभूमी पारदर्शक न ठेवता पूर्ण काळी करा. जागा बदलता येत असेल तर वर न्या. अक्षरं चित्रातच छापलेली असतील, तर मात्र पट्टी त्यांना झाकते आणि आपल्या हातात काही उरत नाही.

प्रश्न : झूम करून पट्टी पडद्याबाहेर ढकलली तर?

नको. 110 टक्के झूममध्ये प्रत्येक कडेचा जेमतेम साडेचार टक्के भाग जातो. पट्टी त्याहून बरीच उंच असते, ती राहतेच. शिवाय चित्र धूसर पडतं.

प्रश्न : कोपऱ्यातल्या लोगोचा डाग ओएलईडी पडद्यावर कायमचा उमटतो का?

रोज तासन् तास एकच वाहिनी, तीही पडद्याची चमक भडक ठेवून, असं असेल तर उमटू शकतो. सेटिंगमध्ये लोगोची चमक कमी करण्याची सोय असते, ती चालू ठेवा. टीव्ही रिमोटने बंद केल्यावर भिंतीवरचं बटण लगेच बंद करू नका. पडदा स्वतःची दुरुस्ती त्या अवस्थेतच करतो.

प्रश्न : वाहिनीला लिहिलं, तर 'आपल्या प्रतिसादाबद्दल आभार' एवढंच उत्तर येतं.

कारण 'फार त्रास होतो' या वाक्यावरून कोणी काही शोधू शकत नाही. पडद्यावर काय आणि कधी गेलं याची सेकंदाच्याही अंशापर्यंतची नोंद वाहिनीकडे असते. तिच्याशी जुळेल असं लिहा : वाहिनी, एचडी की एसडी, तारीख, भाग क्रमांक, वेळ, पट्टी किती सेकंद होती आणि तिने काय झाकलं (चेहरा, पत्रातला मजकूर, सबटायटल). सोबत पडद्याचा फोटो. उपग्रह, केबल की अॅप, हेही सांगा. अॅपवर चित्र प्रसारणाच्या अर्धा मिनिट मागे असू शकतं, म्हणून घड्याळातली वेळ नुसती दिली तर नोंद सापडत नाही. त्या क्षणाचा संवादही लिहा.

तोच भाग नंतर वाहिनीच्या अॅपवर तपासा. तिथे सहसा पट्टीविना मूळ फाइल असते. तिथेही पट्टी दिसली, तर प्रसारणाचं रेकॉर्डिंगच जसंच्या तसं चढवलेलं आहे. ही वेगळी तक्रार करा. फाइल बदलून ती दूर करता येते.